पूर ओसरल्यानंतरचे तीस दिवस



वर्षावासाचे तीन महिने म्हणजे विहारात ग्रंथवाचनाचे महिने. नदीकाठच्या आपल्या वस्त्यांसाठी हेच महिने पुराचेही असतात. म्हणून या वेळचा आरोग्य पाठ पुरावर घेतला आहे. विहारात एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि शेवटच्या प्रश्नांवर सगळ्यांनी मिळून बोलावे, अशा बेताने तो लिहिला आहे.

या पाठाचा मुद्दा एकच आहे. पाणी चढत असते तेव्हा आपण सगळे जागे असतो. पोरंबाळं, म्हातारी माणसं, शेळ्या, कागदपत्रं सगळे सांभाळतो. पाणी उतरले की सुटलो म्हणतो आणि चिखल काढायला लागतो. पण पुरातले बरेच आजार पाणी उतरल्यावरच माणसाला गाठतात. म्हणून पाणी ओसरले त्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे. या तीस दिवसांत काय करायचे आणि काय टाळायचे, ते आज शिकू.

१. पाणी इतके दिवस का थांबते?

कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका घेऊ. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी या तालुक्याच्या अंगाखांद्यावर येते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. जमीन काळी, सपाट आणि उसाची. सह्याद्रीत पाऊस कोसळला की डोंगरातून पाणी जोरात खाली येते, पण सपाटीवर आल्यावर त्याची चाल मंदावते. त्यातच कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे सरते. यालाच लोक 'फूग' म्हणतात. मग एका रात्रीत आलेले पाणी आठ-आठ दिवस हलत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये हेच झाले. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि तिथे पाणी ५७ फुटांवर पोचले. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. त्याआधी २००५ मध्ये महापूर आला होता, आणि पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. पुराची कारणे, धरणांतून सोडलेले पाणी, अलमट्टीचा फुगवटा यांवर वाद चालू आहेत आणि ते चालूही राहतील. आपल्याला मात्र एवढे धरून चालायचे आहे की पूर पुन्हा येणार आहे.

वाहते पाणी आणि थांबलेले पाणी यांत आरोग्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. थांबलेल्या पाण्यात संडासाच्या टाक्या मिसळतात. उकिरडे, गोठे आणि गटारे मिसळतात. उंदीर-घुशी बिळे सोडून बाहेर येतात आणि त्यांचे मूत्र त्यात मिसळते. दावणीला बांधलेली जनावरे मरून कुजतात. खताच्या आणि औषधाच्या दुकानांतली विषे विरघळतात. ऊस मुळापासून कुजून वास मारू लागतो. पाणी उतरते तेव्हा हे सगळे गाळाच्या रूपाने आपल्या अंगणात आणि चुलीपाशी ठेवून जाते.

२. वस्तीचा वाटा जास्त का?

आपल्या बऱ्याच वस्त्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या किंवा नदीच्या बाजूला आहेत. जागा आपण निवडली नव्हती. उंचावरची जागा ज्यांच्या हातात होती त्यांनी ती घेतली, आणि उरली ती आपल्या वाट्याला आली. म्हणून पाणी वस्तीत आधी येते आणि शेवटी जाते.

दुसरी गोष्ट कामाची. पूर ओसरला की शाळा धुवायची असते, गटार काढायची असते, बाजारपेठेतला चिखल उचलायचा असतो, मेलेली जनावरे हलवायची असतात. या कामाला माणसे कुठून बोलावतात, हे सांगायला नको. शेतमजुराचे घर तेव्हा रोजगाराविना बसलेले असते. पिकाची भरपाई सातबारा ज्याच्या नावावर त्याला मिळते. मजुराच्या बुडालेल्या हजेरीचा पंचनामा कोणी करत नाही. मग मिळेल ते काम माणूस घेतो, आणि ते काम नेमके सर्वांत धोक्याचे असते.

३. एक घर डोळ्यांपुढे आणू

या घराला नाव नको. पूर आलेल्या प्रत्येक गावात असे एखादे घर असते.

पाणी उतरले. घरातल्या कर्त्या माणसाने आठ दिवस अनवाणी चिखलात काम केले. टाचेला भेगा होत्या, पत्रा लागून पायाला एक जखमही झाली होती. काम संपल्यावर दोन दिवसांनी एकदम ताप भरला. डोके ठणकू लागले. पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की उठून उभे राहवेना. तो जवळच्या दवाखान्यात गेला आणि "ताप आलाय, अंग दुखतंय" एवढेच सांगितले. सुई आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. तापाचा जोर थोडा कमी झाला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले आणि लघवी कमी झाली.

आशाताई घरभेटीला आल्या तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, चिखलात किती दिवस होतासा?"

"आठ दिस की ओ ताई. शाळा धुतली, गटार काढली."

"डॉक्टरांना सांगितलासा का हे?"

"त्यांनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

ताईंनी त्याच मिनिटाला १०८ ला फोन लावला. माणूस वाचला, पण मूत्रपिंडाला सूज येऊन पंधरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. पहिल्या दिवशीच एक वाक्य बोलला असता तर काही गोळ्यांवर भागले असते.

ते वाक्य असे: "डॉक्टर, मी पुराच्या पाण्यात, चिखलात काम केलंय."

पाठातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे वाक्य विसरू नका. तीस दिवसांत केव्हाही ताप आला तर डॉक्टरांपुढे पहिले वाक्य हेच.

४. लेप्टो म्हणजे काय?

वर सांगितलेल्या आजाराचे नाव लेप्टोस्पायरोसिस. बोलताना सगळे 'लेप्टो' म्हणतात. त्याचे जंतू उंदीर, घुशी, कुत्री, डुकरे आणि गाई-म्हशी यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात येतात. पायाच्या भेगा, खरचटलेली कातडी, डोळे, नाक आणि तोंड यांतून ते शरीरात शिरतात.

जंतू शिरल्यावर लगेच काही होत नाही. बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. कधी दोन दिवसांतही येतो, तर कधी तीस दिवसांपर्यंत लांबतो. म्हणूनच आपण तीस दिवस मोजतो आहोत.

सुरुवातीच्या खुणा: अचानक थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर फार दुखणे, डोळे लाल होणे, मळमळ.

धोक्याच्या खुणा: डोळे व लघवी पिवळी होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, खोकल्यातून किंवा नाकातून रक्त येणे, माणूस बडबडू लागणे किंवा सुस्त पडणे. यांतले एकही दिसले तर घरी थांबू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

लेप्टोवर औषध आहे आणि ते जुने, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यात मिळणारे आहे. अट एकच, ते लवकर सुरू झाले पाहिजे. पुरानंतर आरोग्य विभाग चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतो. आजार टाळण्यासाठी ही गोळी साधारणपणे आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम या प्रमाणात दिली जाते. ती कोणाला द्यायची आणि किती आठवडे द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांना ही गोळी आपल्या मनाने देऊ नका. गोळी जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर छातीत जळजळते.

आणखी एक सांगणे. पुरानंतरच्या तापात दुखण्याच्या कडक गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका. ताप लेप्टोचा असो की डेंग्यूचा, अशा गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तस्राव वाढू शकतो. दवाखान्यात पोचेपर्यंत साधी पॅरासिटामॉल पुरे.

५. चिखलात उतरण्याआधी

काम देणारा ग्रामपंचायतीचा असो, शाळेचा असो की दुकानदार, गमबूट आणि रबरी हातमोजे ही त्याने द्यायची वस्तू आहे. ती मागायला संकोच करू नका. एकट्याने मागितली तर नाही म्हणतील, दहा जणांनी मिळून मागितली तर मिळते.

गमबूट मिळालेच नाहीत तर पायात घट्ट चप्पल-बूट तरी हवेतच, जखमेवर प्लॅस्टिक बांधलेले हवे. कामावरून आल्यावर हात-पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. बोटांमध्ये चिखल्या झाल्या असतील तर त्यावर मलम लावून त्या बऱ्या करा. चिखल्यांची ओली कातडी म्हणजे जंतूंना उघडे दार. पत्रा, खिळा किंवा काच लागली असेल तर जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. हळद, राख किंवा तंबाखू दाबू नका.

घर धुताना ब्लिचिंग पावडरचे पाणी वापरा, पण त्यात संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. घरात पाऊल टाकण्याआधी वीज बंद असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्या. ओल्या हाताने मेन स्विच, मोटार किंवा मिक्सरला हात लावू नका. आणि मातीच्या भिंतींवर भरवसा ठेवू नका. पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर पडते. अशा भिंतीच्या आडोशाला कोणी झोपू नये.

६. पिण्याचे पाणी

पुरात चहूकडे पाणी असते आणि पिण्याला घोटभर नसते. टँकर, विहीर, हातपंप, नळ, कुठूनही पाणी आले तरी तीस दिवस ते शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

पहिली पायरी, गढूळपणा काढणे. पाणी स्थिर ठेवा, तुरटी फिरवा, मग जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरांतून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीनचे औषध नीट काम करत नाही, म्हणून ही पायरी आधी.

दुसरी पायरी, जंतू मारणे. जळण असेल तर पाणी खळखळून उकळू द्या. उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळले तरी जंतू मरतात. जळण भिजलेले असते, गॅस संपलेला असतो. मग क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर वापरा. आशाताई किंवा आरोग्यसेविकेकडे ते मोफत मिळते. किती लिटरला किती, ते वेष्टनावर लिहिलेले असते. ते कोणाकडून तरी वाचून घ्या आणि टाकल्यावर अर्धा तास थांबा. पाण्याला किंचित वास येतो. तो वास म्हणजे औषध पोचल्याची खूण, त्याला नाक मुरडू नका.

तिसरी पायरी, साठवण. झाकण, ओगराळे आणि धुतलेला हात. पाणी शुद्ध करून माठात हात बुडवला तर सगळे वाया.

आता विहिरीचे. बुडालेली विहीर आधी उपसावी लागते, गाळ काढावा लागतो, मग टीसीएल पावडर टाकायची. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे. पण आपल्याला हिशेब येत असेल तर आपण त्याला विचारू शकतो. नेहमीचे प्रमाण चांगल्या पावडरीचे १,००० लिटरला २.५ ग्रॅम असे आहे. समजा विहीर ३ मीटर रुंद आहे आणि पाणी ४ मीटर खोल आहे. ३ गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे ३६. त्याला ०.७८५ ने गुणले की सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर पाणी. त्याला नेहमीची पावडर ७० ग्रॅम. पुरानंतर पहिल्या खेपेला यापेक्षा जास्त लागते. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि किमान तासभर थांबायचे. मग ओटी टेस्ट करायची. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. नाही आली तर पुन्हा टाकायची. पावडरीचे पोते उघडे राहिले असेल तर तिचा जोर गेलेला असतो, हेही लक्षात ठेवा.

टेस्ट गावच्या टाकीजवळच्या नळाला होते आणि वस्तीतल्या शेवटच्या नळाला होत नाही, असे घडू देऊ नका. शेवटच्या नळालाच टेस्ट करायला सांगा. १९२७ मध्ये महाडला पाण्याला हात लावण्याचा हक्क घेतला. आता ते पाणी शुद्ध मिळण्याचा हक्क घ्यायचा आहे.

७. जुलाब लागले तर

जुलाबात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. म्हणून पहिला उपाय पाणी भरून काढणे. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण मिसळा. अर्धे पाकीट अर्ध्या तांब्यात, असा अंदाज करू नका. तयार पाणी चोवीस तासांत संपवा, उरले तर फेका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.

बाळाला अंगावरचे दूध बंद करू नका. जेवण बंद करू नका. पेज, खिचडी, ताक चालते. लहान मुलाला झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे.

डोळे खोल गेले, लघवी सहा तास झाली नाही, मूल पाणी पिईना, सुस्त पडले, शौचात रक्त आले किंवा भाताच्या पेजेसारखे पांढरे पाणी सारखे जाऊ लागले, तर थेट दवाखाना. वाटेत ओआरएस पाजत राहा. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब लागले तर तो एका घराचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

८. साप आणि डास

पाण्याबरोबर साप उंचावर येतात. जळणाच्या ढिगात, छपरात, अंथरुणात बसतात. जमिनीवर झोपू नका, बाज किंवा खाट वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. अंथरूण आणि बूट झाडूनच वापरा. मण्यार रात्री झोपेत चावते आणि चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागल्या, गिळता येईना झाले, तर सापाचा संशय घ्या.

साप चावला तर माणसाला चालवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून हलू देऊ नका. दोरीने करकचून आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने रक्त ओढू नका. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात असते, तिथेच जायचे.

डासांची पाळी पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी येते. डेंग्यूचा डास अंगणातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. मदतीत मिळालेल्या बादल्या, फुटके माठ, टायर, करवंट्या, सगळे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. वस्तीने एक वार ठरवून सगळ्या घरांनी एकाच दिवशी कोरडा दिवस पाळला तरच त्याचा उपयोग.

९. चालू औषधे, बाळंतपण आणि मन

छावणीत जाताना औषधाची पिशवी राहते. क्षयाची गोळी सुटली तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. रक्तदाब, साखर, फिट्स आणि एआरटीच्या गोळ्यांचेही तसेच, त्या सुटता कामा नयेत. औषधे वाहून गेली असतील तर छावणीतल्या आरोग्य पथकाला पहिल्याच दिवशी सांगा. क्षयाचे औषध कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा आणि केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये आताच काढून ठेवा.

नववा महिना लागलेल्या बाईला पाणी चढायच्या आधीच उंचावरच्या नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवा. छावणीत बायकांसाठी वेगळा, दिवा असलेला संडास मागा. पाळीचे कापड वाळवायला जागा नसेल तर पॅड मागा. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि मनाचे. घर गेले, शेळी गेली, बचत गटाचे कर्ज डोक्यावर आहे. झोप न येणे, छातीत धडधडणे, पाऊस वाजला की दचकणे, हे वेडाचे लक्षण नाही. पण माणूस गप्प झाला, दारू वाढली किंवा 'आता जगून काय' असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही. विहाराची संध्याकाळची बैठक पुरानंतर लवकरात लवकर सुरू करा. चार माणसे रोज एकत्र बसली की कोण आला नाही ते कळते.

१०. मेलेली जनावरे कोणी उचलायची?

कुजलेली जनावरे गावाच्या आरोग्याला घातक असतात, ती लवकर पुरली पाहिजेत, हे खरे. खोल खड्डा, चुना, पाण्याच्या उगमापासून दूर, हेही खरे. पण ते काम बौद्धवाड्याचे, हे खरे नाही. ते ग्रामपंचायतीचे आणि प्रशासनाचे काम आहे. ते जेसीबीने, हातमोजे-गमबूट घातलेल्या माणसांनी आणि मोबदला देऊन व्हायचे आहे.

बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे सोडा, असे आपल्या वाडवडिलांना सांगितले आणि त्यांनी उपास काढून ते सोडले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मेलेली जनावरे उचलायला किंवा वाहून न्यायला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तसेच मैल्याच्या टाकीत सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पुराने भरलेल्या टाकीत विषारी वायू असतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. 'आणीबाणी आहे, तेवढं बघा की' असे कोणी म्हटले तर शांतपणे सांगा की आणीबाणीत यंत्र लवकर मागवायचे असते.

११. बाबासाहेब आणि पूर

जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीचा बांध फुटून मोठा पूर आला. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. त्यांनी फुटलेला बांध पुन्हा बांधून विषय संपवला नाही. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करून नदीचे सगळे खोरेच एक धरावे, अशी योजना त्यांनी पुढे नेली. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला त्यासाठी परिषद घेतली. त्यातून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. पूर हे नशीब नाही, त्याचा अभ्यास करता येतो आणि त्याची तयारी करता येते, हे त्यांच्या कामातून दिसते. आपली तयारी एका वस्तीची आहे, पण रीत तीच.

१२. तीस दिवसांची टिपण, विहाराच्या भिंतीवर लावण्यासाठी

दिवस १ ते ३: वीज, भिंती आणि साप पाहूनच घरात प्रवेश. पाणी शुद्ध केल्याशिवाय घोटही नाही. पंचनाम्यासाठी नुकसानीचे फोटो. चालू औषधे पुन्हा सुरू.

दिवस ४ ते १०: चिखलाचे काम गमबूट घालूनच. चिखलात उतरणाऱ्यांची यादी आशाताईंना देणे. लेप्टोच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणे. विहीर आणि शेवटचा नळ तपासून घेणे.

दिवस ११ ते २०: ताप आला की त्याच दिवशी दवाखाना आणि तेच पहिले वाक्य. आठवड्याला कोरडा दिवस.

दिवस २१ ते ३०: ताप आणि जुलाबावर लक्ष चालूच. गप्प झालेल्या माणसांची विचारपूस.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत पाणी आधी कोणत्या घरात शिरते? त्या घरात म्हातारे, गरोदर किंवा आजारी कोण आहे?
२. मागच्या पुरात चिखलाचे काम कोणी केले? त्यांना गमबूट मिळाले होते का? या वेळी ते कोण आणि केव्हा मागणार?
३. आपल्या विहिरीची रुंदी आणि खोली किती? तिला किती टीसीएल लागते? मुलांनी हिशेब करून दाखवावा.
४. ताप आल्यावर डॉक्टरांना सांगायचे पहिले वाक्य कोणते? प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणावे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांत लहान मुलालाही पाठ करून घ्या. वडील तापाने ग्लानीत असतील, तर डॉक्टरांना ते वाक्य त्याने सांगायचे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.